दोन मिलिमीटरच्या नळीचा इतिहास
तान्ह्या मुलांचे यकृत-प्रत्यारोपण आणि रक्तवाहिन्यांचे प्रश्न

बुलढाणा जिल्ह्याच्या देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे पिकवणारे शेतकरी ठिबकच्या नळ्यांना फार जपतात. विहिरीत पाणी आहे, मोटार चालू आहे, मुख्य पाइप धडधाकट आहे. तरी रोपापाशी जाणारी शेवटची बारीक वाट क्षाराने किंवा शेवाळाने तुंबली, की तेवढे रोप माना टाकते. बाकी सारे ठीक असण्याचा त्या रोपाला काही उपयोग नसतो.

तान्ह्या मुलाच्या यकृत-प्रत्यारोपणाची गोष्ट बरीचशी अशीच आहे. दात्याचे यकृत उत्तम आहे, शरीराने ते नाकारू नये म्हणून औषधे चालू आहेत, शस्त्रक्रियाही पार पडली आहे. पण त्या यकृताला रक्त पुरवणारी जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाची धमनी गुठळीने बंद झाली, तर काही तासांत सारे श्रम वाया जाऊ शकतात. ही नळी उघडी कशी ठेवायची, हे माणसाला शिकायला शंभराहून अधिक वर्षे लागली. या शिक्षणात डॉक्टरांबरोबर एक भरतकाम करणारी बाई, नळ्यांतून वाहणारे पाणी मोजणारा एक संशोधक आणि ताऱ्यांच्या रंगाचा विचार करणारा एक गणितज्ञ यांचाही वाटा आहे. तो इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. शेवटी बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातल्या शिक्षकाचा त्याच्याशी काय संबंध येतो, तेही पाहू.

यकृताला दोन वाटांनी रक्त

शरीराच्या बहुतेक अवयवांना धमनीतून रक्त येते आणि शिरेतून ते परत जाते. यकृताची व्यवस्था वेगळी आहे. त्याला रक्त दोन वाटांनी येते. आतडी आणि प्लीहा यांच्याकडून अन्नरस घेऊन येणारी एक मोठी शीर यकृतात शिरते. तिला डॉक्टर ‘पोर्टल व्हेन’ म्हणतात. आपण तिला पोर्टल शीर म्हणू. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या शिरेतून येते. उरलेले एक चतुर्थांश यकृत-धमनीतून येते, पण ते ताजे, ऑक्सिजनने भरलेले असते. म्हणून यकृताच्या एकूण ऑक्सिजनपैकी जवळजवळ निम्मा वाटा ही बारीक धमनी उचलते. दोन्हीकडचे रक्त यकृतातून गाळून निघाले, की यकृत-शिरांवाटे ते हृदयाकडे जाते.

म्हणजे प्रत्यारोपणात रक्ताचे तीन सांधे जोडावे लागतात : धमनीचा, पोर्टल शिरेचा आणि रक्त बाहेर नेणाऱ्या यकृत-शिरेचा. चौथा सांधा पित्ताच्या नळीचा. त्या पित्तनलिकांना रक्त मिळते ते मात्र जवळजवळ फक्त धमनीतून. त्यामुळे धमनी बंद पडली तर यकृताच्या पेशी पोर्टल रक्तावर काही काळ तग धरतीलही, पित्तनलिका मात्र मरू लागतात. मग पित्त झिरपते, यकृतात पू होतो, आणि पुष्कळदा यकृत पुन्हा बदलण्याची वेळ येते.

भरतकाम शिकलेला डॉक्टर

२४ जून १८९४ रोजी फ्रान्समधील लियाँ शहरात तेथील राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्या पोटात एका मारेकऱ्याने सुरा खुपसला. सुऱ्याने नेमकी पोर्टल शीर कापली गेली. शहरात नामांकित शल्यविशारद होते, पण कापलेली मोठी रक्तवाहिनी शिवून पुन्हा वाहती करण्याची खात्रीची रीत तेव्हा कोणालाच अवगत नव्हती. कार्नो काही तासांत मरण पावले.

अलेक्सिस कॅरेल तेव्हा लियाँमध्येच वैद्यक शिकत होते, वय वीस. फाटलेले कापड शिवता येते, तर फाटलेली रक्तवाहिनी का नाही, असा प्रश्न त्यांना पडला. ते लियाँच्या मादाम लरूदिए या निष्णात भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेले आणि अतिशय बारीक सुई-धाग्याने टाके घालायला शिकले. १९०२ साली त्यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. तिच्यातली युक्ती शाळकरी मुलालाही कळेल अशी आहे. दोन गोल नळ्यांची तोंडे समोरासमोर आणून कडेवर समान अंतरावर तीन टाके घालायचे आणि तिन्ही धागे बाहेरच्या बाजूला ताणायचे. वर्तुळाचा त्रिकोण होतो. आता वाकड्या कडेऐवजी तीन सरळ कडा शिवायच्या. सुई पलीकडच्या भिंतीत अडकण्याची भीती कमी होते आणि नळीचे तोंड आवळले जात नाही. या कामासाठी आणि अवयव-प्रत्यारोपणाच्या प्रयोगांसाठी कॅरेल यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र शिवलेली नळी वाहती राहण्यासाठी आतले रक्तही गोठता कामा नये. रक्तवाहिनीत गुठळी का होते, याची तीन कारणे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने ओळखली जातात : वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा, मंदावलेला प्रवाह आणि रक्ताच्या घटकांतला बदल. प्रत्यारोपण झालेल्या बाळात ही तिन्ही कारणे एकदम हजर असतात. टाक्यांमुळे अस्तराला इजा झालेली असते, नळी बारीक असल्याने प्रवाह मंद असतो, आणि नव्या यकृतात रक्त गोठवणारी व गोठण्याला आवर घालणारी प्रथिने यांचा तोल अजून बसलेला नसतो.

गोठण्याला आवर घालणारे एक महत्त्वाचे औषध यकृतामुळेच हाती लागले. १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठवणारे पदार्थ शोधत होता. त्याला उलटाच, गोठणे थांबवणारा पदार्थ सापडला. पुढे त्याच प्रयोगशाळेतल्या हॉवेल यांनी कुत्र्याच्या यकृतातून मिळालेल्या अशाच पदार्थाला यकृताच्या ग्रीक नावावरून ‘हेपॅरिन’ हे नाव दिले. १९३०च्या दशकात टोरांटोत ते माणसाला देण्याइतके शुद्ध झाले.

डेन्व्हर, १९६३

१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचे पहिले यकृत-प्रत्यारोपण करून पाहिले. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता. त्याच्या पित्तनलिका जन्मापासून बंद होत्या. शस्त्रक्रियेतच रक्तस्राव थांबेना आणि मूल दगावले.

पुढच्या रुग्णांत रक्तस्राव होऊ नये म्हणून रक्त गोठवणारी औषधे दिली गेली. तेव्हा उलटा प्रसंग ओढवला. शस्त्रक्रियेच्या काळात रक्त वळवून नेण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळ्या जोडल्या होत्या. त्यांत गुठळ्या धरल्या आणि त्या फुप्फुसांत जाऊन अडकल्या. रक्त फार वाहू देणे आणि फार गोठू देणे या दोन कड्यांमधली वाट किती अरुंद आहे, हे त्या वर्षी कळले. स्टार्झल यांनी काही वर्षे ही शस्त्रक्रियाच थांबवली आणि पुन्हा प्रयोगशाळेकडे वळले.

जुलै १९६७ मध्ये दीड वर्षाच्या एका मुलीवर केलेले प्रत्यारोपण टिकले. ती वर्षाहून अधिक जगली. तरीही १९८० पूर्वी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांपैकी तिघांत एकच वर्षभर टिकत असे. त्यानंतर सायक्लोस्पोरिन आणि पुढे टॅक्रोलिमस ही शरीराचा विरोध शमवणारी औषधे आली आणि चित्र पालटले. जिवंत राहणाऱ्या मुलांची संख्या वाढली, तशी एक गोष्ट ठळक झाली. यकृत-धमनीत गुठळी होण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत कितीतरी अधिक होते. २००९ साली जगभरच्या प्रकाशित अहवालांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात प्रत्यारोपणानंतर लवकरच धमनी बंद पडण्याचे प्रमाण प्रौढांत २.९ टक्के, तर मुलांत ८.३ टक्के आढळले. मूल जितके लहान, तितका धोका मोठा. असे का व्हावे?

त्रिज्येचा चौथा घात

याचे बरेचसे उत्तर पॅरिसच्या पॉइझुई यांनी १८४०च्या सुमारास देऊन ठेवले होते. ते स्वतः डॉक्टर होते आणि त्यांना केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते ते जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्यांनी एक मिलिमीटरपेक्षाही बारीक काचेच्या नळ्यांतून द्रव वाहवून काळजीपूर्वक मोजमापे घेतली. त्यांना आढळले की दाब आणि नळीची लांबी तीच ठेवली, तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळाव्या हिश्शावर येतो.

आता हे गणित यकृत-धमनीला लावू. प्रौढाची धमनी चार मिलिमीटर आणि बाळाची दोन मिलिमीटर धरली, तर तेवढ्याच दाबाला व लांबीला बाळाच्या धमनीतून सोळावा हिस्सा रक्त जाईल. बाळाचे यकृतही लहान असते, त्यामुळे निरोगी बाळाला तेवढ्याने भागते. खरी अडचण चुकीला किती जागा आहे याची आहे. टाका घालताना नळीचे तोंड अर्धा मिलिमीटर आवळले गेले असे समजा. चार मिलिमीटरची साडेतीन झाली, तर प्रवाह सुमारे ५९ टक्के उरतो. दोनची दीड झाली, तर जेमतेम ३२ टक्के. हाताची चूक तीच. शिक्षा मात्र बाळाला कितीतरी मोठी. प्रत्यक्षात रक्त पाण्यासारखे साधे द्रव नाही, रक्तवाहिनी लवचीक असते आणि आवळलेला भाग थोडाच असतो. म्हणून आकडे अगदी असेच येणार नाहीत. पण नियमाची दिशा हीच आहे.

रक्त दाट असेल तर प्रवाह आणखी मंदावतो, हेही याच नियमातून निघते. म्हणून प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाला हवे त्याहून अधिक रक्त चढवत नाहीत. रक्त किंचित पातळ राहू देतात. हेपॅरिन आणि नंतर लहान मात्रेत ॲस्पिरिन देण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी आहे.

तुकड्याचे यकृत आणि क्योटोचा सूक्ष्मदर्शक

बाळाच्या मापाचे यकृत मिळणे हा दुसरा मोठा प्रश्न. मृत बालक-दाते फार थोडे. १९८४ साली पॅरिसमध्ये बिस्मुथ आणि हुसाँ यांनी मोठ्या माणसाच्या यकृताचा तुकडा मुलाला बसवला. मग जिवंत आई-बापांच्या यकृताचा तुकडा का घेऊ नये, हा विचार पुढे आला. यकृताचा काही भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून तूट भरून काढतो. डिसेंबर १९८८ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो येथे याचा पहिला प्रयत्न झाला. जुलै १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका जपानी आईच्या यकृताचा तुकडा तिच्या मुलाला बसवण्यात आला आणि तो यशस्वी ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिकागोत ब्रोल्श यांनी याची पद्धतशीर सुरुवात केली.

या मार्गाने यकृताची टंचाई कमी झाली, पण नळीचा प्रश्न अवघड झाला. संपूर्ण यकृताबरोबर लांब, जाड धमनी घेता येते. जिवंत दात्याला मात्र त्याची मुख्य धमनी ठेवावीच लागते. तुकड्याबरोबर येते ती फांदी : आखूड, आणि पुष्कळदा दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक.

जपानमध्ये मेंदू-मृत दात्याचे अवयव घेण्यास १९९७ पर्यंत कायद्याची मान्यता नव्हती. त्यामुळे तेथे जिवंत दात्यावाचून दुसरा मार्ग नव्हता आणि म्हणून हा प्रश्न तेथेच सर्वांत नेटाने सोडवला गेला. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवण्याची कला १९६० साली अमेरिकेत जेकबसन आणि सुआरेझ यांनी दाखवली होती. तुटलेली बोटे जोडणारे आणि मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद ती वापरत होते. क्योटो विद्यापीठातल्या गटाने ती यकृत-धमनीसाठी आणली आणि १९९२ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. धमनीत गुठळी होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. या कामातल्या नायलॉनच्या सर्वांत बारीक धाग्याची जाडी मिलिमीटरच्या तीस-चाळिसाव्या भागाएवढी, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. मूल वाढते. त्याची रक्तवाहिनीही वाढली पाहिजे. गोलाकार घट्ट शिवलेला धागा हा लहानपणी बोटात घातलेल्या अंगठीसारखा आहे. बोट वाढते, अंगठी तेवढीच राहते. १९८४ साली स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी एक साधी तोड काढली. सलग धाग्याची शेवटची गाठ वाहिनीच्या भिंतीला चिकटवून न मारता थोडी दूर मारायची. रक्त सुरू झाले, की वाहिनी फुगते आणि तो राखून ठेवलेला सैल धागा आत ओढला जाऊन तोंड मोठे होते. शरीरात विरघळणारे धागे वापरण्याचा मार्गही पुढे काढला गेला. रक्त बाहेर नेणाऱ्या यकृत-शिरेचे तोंड वाढत्या यकृताबरोबर पिळवटू नये म्हणून ते रुंद त्रिकोणी करण्याची रीत शिकागोत रूढ झाली. कॅरेल यांचा त्रिकोण असा नव्वद वर्षांनी पुन्हा कामी आला.

भोंगा आणि रक्तप्रवाह

सांधा उत्तम झाला, तरी तो वाहतो आहे हे पोट बंद केल्यावर कसे कळणार? धमनी बंद पडल्यावर बाळ लगेच काही दाखवत नाही. ताप, बदललेल्या रक्त-तपासण्या ही लक्षणे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

येथे मदतीला आला डॉप्लर परिणाम. १८४२ साली प्राग येथे क्रिस्तियान डॉप्लर यांनी जोडताऱ्यांच्या रंगाविषयी निबंध वाचला. लहरींचा उगम जवळ येत असेल तर लहरींची वारंवारता वाढलेली भासते आणि दूर जात असेल तर घटलेली, असे त्यांचे म्हणणे होते. १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी आगगाडीवर तुतारीवाले बसवून ते तपासले. मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव स्थानकावर न थांबता जाणाऱ्या मालगाडीचा भोंगा ऐकणाऱ्या मुलांनी हा परिणाम अनेकदा अनुभवलेला असतो.

१९५०च्या दशकात जपानच्या ओसाका येथे सातोमुरा यांनी हेच तत्त्व श्रव्यातीत ध्वनीला लावून हृदयाची हालचाल आणि पुढे रक्ताचा प्रवाह टिपला. गणित सोपे आहे. यंत्राने ५० लाख हर्ट्झचा ध्वनी सोडला, रक्त सेकंदाला ४० सेंटिमीटर वेगाने वाहत आहे, ध्वनिशलाका आणि प्रवाह यांत ६० अंशांचा कोन आहे आणि शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे असे धरू. परत आलेल्या ध्वनीच्या वारंवारतेत सुमारे १३०० हर्ट्झचा फरक पडतो. हा फरक आपल्या कानाला ऐकू येण्याजोगा आहे! म्हणूनच डॉप्लर यंत्रातून रक्त वाहताना ‘सूं-सूं’ आवाज ऐकू येतो.

आज प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाच्या खाटेपाशीच रोज एक-दोनदा डॉप्लर तपासणी करतात. धमनीतला सर्वाधिक वेग आणि हृदयाच्या विश्रांतीच्या वेळचा किमान वेग मोजतात. सर्वाधिकातून किमान वजा करून त्याला सर्वाधिकाने भागतात. समजा, ते वेग ६० आणि २१ आहेत. उत्तर येते ०.६५. साधारण ०.५ ते ०.८ यांमध्ये ते असेल तर ठीक. ते फार घसरले आणि लहरीचा चढ आळसावलेला दिसला, तर वर कोठेतरी नळी अरुंद झाल्याची शंका येते. प्रवाहच सापडला नाही तर घाईने पुढची पावले उचलतात.

वाट बंद पडलीच तर

धमनी लवकर बंद झाल्याचे कळले, तर तातडीने पुन्हा पोट उघडून गुठळी काढतात आणि सांधा नव्याने शिवतात. येथे तासांना किंमत असते. यकृत फार बिघडले असेल, तर पुन्हा प्रत्यारोपण हाच उपाय उरतो. काही महिन्यांनी, हळूहळू बंद झालेल्या धमनीला मात्र आसपासच्या बारीक वाहिन्या फुटून पर्यायी रस्ता मिळू शकतो.

पोर्टल शिरेचा प्रश्न बहुधा उशिरा उद्भवतो. पित्तनलिका बंद असलेल्या बाळांत ही शीर दाहामुळे आधीच आकसलेली असते. ती अरुंद झाली तर मागे दाब साठतो, प्लीहा वाढते आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होऊ शकते. यावर पोट न उघडता उपाय करता येतो. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पायाची आकसलेली धमनी आतून रुंद केली. १९७०च्या दशकात झुरिकच्या ग्रुंटझिग यांनी त्यासाठी फुगा वापरला. तोच फुगा आता बाळाच्या पोर्टल शिरेत नेऊन फुगवतात. शीर पूर्ण बंद असेल, तर मुलाच्याच मानेतली एक शीर घेऊन आतड्याकडचे रक्त थेट यकृताच्या आतल्या पोर्टल फांदीत नेण्याची युक्ती १९९०च्या दशकात ब्रसेल्समध्ये निघाली. बंद पाटचारीला वळसा घालून पाणी नेण्यासारखेच हे आहे.

बुलढाण्याहून पाहताना

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो अमलात आला, तेव्हाच्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. १५ नोव्हेंबर १९९८ रोजी दिल्लीत वीस महिन्यांच्या एका मुलावर देशातले पहिले यशस्वी बाल-यकृत-प्रत्यारोपण झाले. त्याच्याही पित्तनलिका बंद होत्या. यकृताचा तुकडा वडिलांचा होता. तमिळनाडूतल्या कांचीपुरमचा हा मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. आज मुंबई-पुण्यात अशी प्रत्यारोपणे होतात.

मलकापूरहून मुंबई रेल्वेने जवळजवळ पाचशे किलोमीटर. मेहकर आणि सिंदखेड राजावरून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. बुलढाण्याला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अंतर कमी झाले, तरी एक गोष्ट रस्त्याने भरून निघत नाही. ती म्हणजे बाळाच्या आयुष्यातले पहिले साठ दिवस.

याचे कारण असे. लहान मुलांच्या यकृत-प्रत्यारोपणाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हीच पित्तनलिका बंद असण्याची व्याधी. तिच्यावर जपानच्या सेंदाई येथील मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात शस्त्रक्रिया शोधली : आतड्याचा भाग थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून द्यायची. ती साधारण साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक; उशीर होईल तशी ती घटते. ही शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना पुढे केव्हातरी प्रत्यारोपण लागतेच. मग तिचा उपयोग काय?

उपयोग नळीच्या जाडीत आहे. पित्त वाहते झाले तर बाळाला काही वर्षे मिळतात. ते दहा-पंधरा किलोंचे होते, त्याच्या रक्तवाहिन्या जाड होतात. त्रिज्येचा चौथा घात आता त्याच्या बाजूने काम करू लागतो. वाढलेला अर्धा मिलिमीटर शल्यविशारदाला चुकीसाठी जागा देतो. सूक्ष्मदर्शक, डॉप्लर, फुगा हे सारे नंतरचे उपाय. धमनीतली गुठळी टाळण्याची सुरुवात घरातल्या बाळाच्या दुपट्यावर होते.

कशी, तेही सांगतो. नवजात बाळाची साधी कावीळ बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही डोळे पिवळे राहिले, लघवी गडद पिवळी होऊ लागली आणि शी पांढरट, खडूसारखी किंवा मातकट दिसू लागली, तर पित्त आतड्यात उतरत नाही असा त्याचा अर्थ होऊ शकतो. बाळ या काळात बाहेरून चांगले गुटगुटीत दिसते, म्हणूनच फसगत होते. ‘कोवळे ऊन द्या, जाईल’ म्हणत आठवडे निघून जातात. अशा बाळाला लगेच सरकारी रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञाकडे नेऊन रक्तातल्या बिलिरुबिनची दोन्ही प्रकारांची तपासणी करून घ्यायला हवी. तैवानने २००४ पासून प्रत्येक आईला शीच्या रंगांचे चित्र असलेले कार्ड दिले आणि तेथे वेळेवर होणाऱ्या शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढले. आपल्याकडे आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन भेटते. यांतल्या शेवटच्या तीन-चार भेटींत ‘शीचा रंग कसा आहे?’ हा एक प्रश्न विचारला गेला, तर साठ दिवसांच्या आत हाती पुरेसा वेळ उरतो.

शाळेत

प्रत्यारोपण झालेली मुले आता शाळेच्या वयाची होत आहेत. असे मूल वर्गात आले, तर त्याला वेगळे बसवण्याचे कारण नाही. त्याची औषधे ठरल्या वेळी घेतली जातील एवढे पाहावे. पोटावर मार बसेल असे खेळ डॉक्टरांना विचारूनच खेळू द्यावेत. अंगदुखीची गोळी शाळेच्या पेटीतून परस्पर देऊ नये. ताप, कावीळ, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाल्याचे कळले, तर त्याच दिवशी पालकांना कळवून रुग्णालयात पाठवावे. पोट दुखते म्हणून त्याला घरी धाडून मोकळे होऊ नये.

विज्ञानाच्या तासाला पॉइझुई यांचा नियम करून दाखवता येतो. एका डब्याच्या तळाशी दोन मिलिमीटर आणि दुसऱ्याच्या तळाशी चार मिलिमीटर आतल्या व्यासाची, सारख्या लांबीची नळी आडवी बसवा. दोन्ही डब्यांत सारख्या उंचीपर्यंत गोडेतेल भरा. पाणी वापरू नका. ते वेगाने वाहताना भोवरे करते आणि नियम नीट दिसत नाही. प्रत्येक नळीतून दहा मिलिलिटर तेल यायला किती सेकंद लागतात ते मुलांना मोजू द्या. आधी त्यांना अंदाज करायला सांगा. बहुतेक मुले ‘दुप्पट वेळ’ म्हणतील, काही ‘चौपट’ म्हणतील. घड्याळ सोळापटीच्या आसपासचे उत्तर देईल. मग त्यांना विचारा : बारीक नळी एखाद्या बाळाची असेल, तर ती जाड व्हायला त्या बाळाला आपण वेळ कसा मिळवून देऊ?